कावळा शिवला, लांडगा चावला

ताईला कावळा शिवला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आजीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून तेवढंच सांगितलं आणि मी परसातल्या शेवग्याखाली जाऊन वर बघत उभी राहिले. रोज भाताच्या गोळ्यावर इतके कावळे यायचे, त्यातला नेमका कोणता? चोच मारली की नुसता पंख लागला? रक्त आलं असं आई हळू आवाजात बोलताना ऐकलं होतं, म्हणजे चोचच मारली असणार. मी दोन दिवस एकही कावळा जवळ येऊ दिला नाही. खडे मारून हाकलत होते.

न्हाणीघराला लागून एक अंधारी खोली होती. सरपण, गोवऱ्या, एक मोडकं जातं. ताईची सतरंजी तिथं पडली. वेगळं ताट, वेगळा तांब्या. तहान लागली की ती ओंजळ पुढे करायची आणि आई वरून पाणी ओतायची. मला एकच ताकीद होती: तिला शिवायचं नाही.

आदल्याच आठवड्यात आम्ही दोघी गल्लीत शिवणापाणी खेळलो होतो. ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य. मला वाटलं, कावळ्याने ताईवर राज्य दिलंय आणि आता ती ज्याला शिवेल त्याच्यावर ते जाईल. म्हणून सगळे पळतायत. खेळात एक नियम होता की राज्य कुणावर कायम राहत नाही. इथं तो नियम का नाही, हे मला कुणी सांगेना.

हे सगळं मी पार विसरून गेले होते. मग कॉलेजात असताना पुण्यात एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर 'जिंजर स्नॅप्स' नावाचा कॅनेडियन सिनेमा पाहिला, आणि पहिल्या अर्ध्या तासातच ती खोली, गोवऱ्यांच्या वासासकट, परत आली.

सिनेमा 2000 सालचा. दिग्दर्शक जॉन फॉसेट, लेखिका कॅरन वॉल्टन. बेली डाउन्स नावाच्या एका कल्पित उपनगरात एकसारख्या घरांच्या रांगा आहेत आणि कोणतंतरी जनावर तिथली कुत्री फाडून टाकतंय. तिथं जिंजर आणि ब्रिजिट या फिट्झगेराल्ड बहिणी राहतात. जिंजर सोळाला टेकलेली, ब्रिजिट तिच्याहून लहान, पण एक इयत्ता वर चढवल्यामुळे दोघी एकाच वर्गात. तळघरातली खोली दोघींची. लहानपणी त्यांनी करार केलाय: सोळाव्या वर्षापर्यंत इथून बाहेर पडायचं, नाहीतर दोघींनी एकत्र मरायचं. शाळेच्या प्रकल्पासाठी त्या स्वतःच्या खोट्या मरणांचे फोटो काढतात. कुंपणाच्या टोकांवर पडलेली एक, गाडीखाली आलेली दुसरी. पहिल्यांदा पाहताना हे भयंकर वाटतं. मला मात्र त्यात दोन मुलींचं घट्ट गुपित दिसलं. आम्हीही बाहुल्यांची लग्नं कमी आणि तेरावी जास्त घातली होती.

दोघींनाही पाळी आलेली नाही आणि ती येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. एका रात्री मैदानात जिंजरच्या मांडीवरून रक्त ओघळतं, आणि त्याच क्षणी अंधारातून ते जनावर येऊन तिला ओढून नेतं. ब्रिजिट पळून जात नाही. हातातल्या कॅमेऱ्याने ती जनावराला मारत सुटते आणि बहिणीला सोडवून आणते.

पुढे जखमेतून केस उगवू लागतात. पोटात कळा येतात. शाळेतल्या नर्सकडे दोघी जातात तेव्हा ती हसतमुखाने सांगते, हे सगळं अगदी नॉर्मल आहे. रक्त नॉर्मल, दुखणं नॉर्मल, नको तिथले केस नॉर्मल. तिचं एकही वाक्य खोटं नाही, आणि समोर बसलेली मुलगी लांडगा होते आहे. या प्रसंगाला थिएटरात लोक हसत असतील. मला तो सगळ्या सिनेमातला सगळ्यात एकाकी प्रसंग वाटतो. 'होतं असं, सगळ्यांनाच होतं' हे वाक्य किती जणींना दार बंद केल्यासारखं ऐकू आलेलं असतं!

जिंजरची आई पॅमेला केक करते. मुलगी मोठी झाली म्हणून, लालभडक केक, जेवणाच्या टेबलावर, वडिलांसमोर. आपल्याकडच्या मखराची मला आठवण झाली. मोठी आत्या सांगायची, तिच्या वेळी मखरात बसवलं होतं, बायकांनी ओटी भरली, गाणी म्हटली, आणि तिला सारखं वाटत होतं की जमिनीने पोटात घ्यावं. एकीकडे अंधारी खोली, दुसरीकडे मखर. दोन्हीकडे त्या मुलीला कुणी काही विचारत नाही.

पण या पॅमेलावर माझा जीव आहे. मिमी रॉजर्सने ती केली आहे. बराच वेळ ती भाबडी, थोडी डोक्यात जाणारी आई वाटते. मग घरात एक मेलेली मुलगी लपवलेली आहे हे तिला कळतं, आणि ती मोटारीत बसून ब्रिजिटला सांगते की उद्या घरात गॅस भरू देईन, काडी लावेन, आणि आपण तिघी कुठेतरी नव्याने सुरुवात करू. बाबांचं काय, असं लेक विचारते. तर म्हणे, तो मलाच दोष देईल. पोलिसाला फोन करावा, पंचनामा व्हावा, यातलं काही तिच्या मनातही येत नाही. लेक माणसात राहिली नाही तरी आईच्या हिशेबात लेकच.

हा सिनेमा उभा राहणंही सोपं नव्हतं. 1999 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला आणि त्याच महिन्यात कॅनडात टेबर इथल्या शाळेतही. शाळकरी मुलांच्या हिंसेची गोष्ट म्हणून टोरांटोतल्या कास्टिंग करणाऱ्या मंडळींनी या सिनेमाशी संबंधच नको म्हटलं. शेवटी ज्या दोघी मिळाल्या त्या व्हँकुव्हरच्या: जिंजर झालेली कॅथरीन इझाबेल आणि ब्रिजिट झालेली एमिली पर्किन्स. धाकटीचं काम करणारी पर्किन्स प्रत्यक्षात चार वर्षांनी मोठी आहे. हे कळल्यापासून मी ब्रिजिटचा तो खाली झुकलेला, केसांमागे दडलेला चेहरा वेगळ्या नजरेने बघते. धाकटेपण तिने ठरवून, विचारपूर्वक अंगावर घेतलेलं आहे.

या सिनेमाने मला मागे जायला लावलं. बाईचा लांडगा होण्याच्या गोष्टी मी शोधू लागले, आणि पहिलीच ठेच अशी लागली की सिनेमातला पहिला वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारं माणूस, बाईच होता. 1913 चा 'द वेअरवुल्फ' हा मूकपट. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी नवाहो जमातीतल्या एका आईने गोऱ्यांच्या रागावर मुलीला वाढवलेलं असतं, ती मुलगी वटुमा, आणि ती लांडगीण होऊन सूड घेते. एका चित्रावर दुसरं चित्र विरघळत आणून खरा लांडगा दाखवला होता म्हणे. आता तो बघता येत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही.

मग 1941 साली 'द वुल्फ मॅन' आला, लॉन चेनी ज्युनिअरचा, आणि वेअरवुल्फ म्हटलं की दुःखी, भला, अपराधाने पिचलेला पुरुष हा साचा पक्का बसला. तो दिवसा रडतो, रात्री मारतो, आणि शेवटी चांदीच्या मुठीच्या काठीने बापाच्याच हातून मरतो. त्या गोष्टीबद्दल मला आदर आहे. पण तिच्यात शरीर म्हणजे शत्रू, तो महिनाभर शहाण्यासारखा वागतो आणि एका रात्री दगा देतो. बायकांना हे नवीन नाही. संस्कृतात मास म्हणजे चंद्रही आणि महिनाही, आणि आपली पाळी म्हणजे आपली वेळ, आपला डाव. भाषेला हे सगळं आधीपासून माहीत होतं.

1946 च्या 'शी-वुल्फ ऑफ लंडन'ची गोष्ट मला अजून टोचते. फिलिस नावाच्या मुलीला वाटतं की घराण्याच्या शापाने आपण रात्री लांडगीण होऊन माणसं मारतो. सकाळी हाताला रक्त, चपलांना चिखल. शेवटी कळतं की ती काहीच करत नव्हती. घरातली वडीलधारी बाई इस्टेटीसाठी तिला औषध पाजून वेडी ठरवत होती. म्हणजे शाप मिळाला, भीती मिळाली, आणि दात-नखं तेवढी नाहीत. 1981 च्या 'द हाउलिंग'मध्ये डी वॉलेस ही टीव्हीची बातमीदार झाली आहे. जगाला सावध करायला ती थेट प्रक्षेपणात सगळ्यांसमोर बदलते. त्या सिनेमातले पुरुष बदलतात तेव्हा छप्पर फोडतील असे अजस्र होतात. तिचा लांडगा मात्र लहानखुरा, मऊ चेहऱ्याचा. धाडस तिचं सगळ्यात मोठं आणि थोबाड सगळ्यात केविलवाणं, हे मला पटलेलं नाही.

आपल्याकडे काय आहे? मराठीत लांडग्याच्या मादीला काय म्हणायचं, इथेच जीभ अडखळते. वाघीण, सिंहीण, कोल्हीण सहज येतं. लांडगीण म्हणावं तर कानाला नवखं. आपल्या गोष्टींतली भीतीदायक बाई म्हणजे हडळ, बाळंतपणात गेलेली, उलट्या पावलांची. तिला आधी मरावं लागतं. जिवंत, वाढत्या वयाच्या मुलीची भीती आपण गोष्टीत घातलीच नाही. ती थेट खोलीत घातली, न्हाणीघराशेजारच्या. आणि दुसरी आपली इच्छाधारी नागीण. तिच्या नावातच इच्छा आहे. तिला वाटलं तर बाई, वाटलं तर साप. 2022 च्या 'भेडिया' या हिंदी सिनेमातही 'इच्छाधारी' हाच शब्द आला. तिथली जनावरांची डॉक्टर अनिका, म्हणजे क्रिती सेनन, हीच जंगलाची जुनी राखणदार लांडगीण निघते, पण शेवटी शेवटी, आणि मला वाटत राहिलं की अहो, हिची गोष्ट सांगा ना, ती किती लांबची आहे! इच्छा असली की भीती संपते. जिंजरला इच्छा कुणी विचारलेली नाही. ताईलाही नव्हती.

कॉमिक्समध्ये मी उशिरा शिरले. ख्रिस क्लेअरमाँट आणि बॉब मॅक्लाउड यांनी 1982 साली मार्व्हलच्या 'न्यू म्यूटंट्स'मध्ये रेन सिंक्लेअर आणली: स्कॉटलंडमधली, आखूड केसांची, कडक धर्मगुरूच्या धाकात वाढलेली पोरगी. ती लांडगीण होते आणि प्रत्येक वेळी पाप केल्यासारखी खाली मान घालते. तिचं टोपणनाव वुल्फ्सबेन, आणि त्या नावाची एक वनस्पती आहे. आपल्याकडचा बचनाग त्याच जातकुळीतला, जहरी, वैद्य लोक शोधून शुद्ध करून वापरतात तो. लांडग्याला मारायचं विष हेच त्या मुलीला नाव म्हणून दिलं. 'जिंजर स्नॅप्स'मध्येही ब्रिजिट याच झाडाचा अर्क सुईत भरून बहिणीसाठी धडपडते. चांदी उपयोगी पडत नाही, बेंबीत चांदीची रिंग घालूनही. हाच अर्क पडतो, आणि तोही पुढच्या भागात कळतं की बरं करत नाही, नुसता वेळ काढतो.

ॲलन मूर आणि स्टीफन बिसेट यांचं 'स्वॅम्प थिंग' या कॉमिकच्या 40 व्या अंकातलं 'द कर्स' हे 1985 चं. फीबी नावाच्या एका गृहिणीचं घर अशा जागी उभं आहे, जिथं कधीकाळी अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या बायकांना पाळीच्या दिवसांत कोंडून ठेवायचे. त्या सगळ्यांचा साठलेला संताप फीबीच्या अंगात येतो आणि ती लांडगीण होऊन गावात सुटते. वाचताना मला गडचिरोलीतली कुर्माघरं डोळ्यांसमोर आली, जिथं माडिया बाया त्या दिवसांत गावाबाहेरच्या झोपडीत राहतात. फीबीच्या गोष्टीचा शेवट मला मान्य नाही, कारण तिला मरण हीच सुटका दिली आहे. पण एका पुरुषाने, मासिकाच्या टपरीवर मिळणाऱ्या भयकथेत, ती जागा आणि तो राग एकमेकांशेजारी ठेवला, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

आणि मग एमिल फेरिस, अमेरिकेतली चित्रकार. 2017 चं 'माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स' हातात आलं तेव्हा मी ते तीन रात्री उशाशी घेऊन झोपले. सगळं पुस्तक म्हणजे एका मुलीची रेघांची वही, स्प्रिंगची, बॉलपेनने भरलेली. साठीच्या दशकातलं शिकागो. कॅरन रेयेस दहा वर्षांची आहे आणि स्वतःला वेअरवुल्फ म्हणून काढते: खालचे दोन सुळे वर आलेले, अंगात मोठ्या माणसाचा ओव्हरकोट, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या खुनाचा तपास चाललेला. तिच्या वहीत बाकीची बहुतेक माणसं माणसांसारखी आहेत. तीच तेवढी जनावर. आणि तिला तेच हवंय. जनावराची तिला लाज वाटत नाही. जमाव तिला भयंकर वाटतो, हातात मशाली घेऊन येणारा, नॉर्मल माणसांचा.

तिच्या आईला कॅन्सर होतो. तेव्हा कॅरन ठरवते की कोणत्यातरी राक्षसाला शोधायचं, त्याच्याकडून चावून घ्यायचं, आणि मग आईला आणि दादाला चावायचं, म्हणजे कुणीच मरणार नाही. शिवणापाणीतला नियम तिने बरोबर उलटा केला आहे. राज्य द्यायचं ते ज्याच्यावर जीव आहे त्याला, तो वाचावा म्हणून. मी त्या पानावर थांबले आणि बराच वेळ पुढे गेले नाही.

फेरिसला स्वतःला डास चावला होता. चाळिशीला पोचतानाच वेस्ट नाइल विषाणूने तिचं कमरेखालचं अंग गेलं आणि चित्रं काढणारा उजवा हातही. पेन हाताला चिकटपट्टीने बांधून ती पुन्हा काढायला शिकली. त्या हातातून हे शेकडो पानांचं पुस्तक, त्या असंख्य बारीक रेघा. एक चावा, बदललेलं शरीर, आणि त्या शरीरानेच काढलेली लांडगीण.

चाव्याकडे बघण्याची ही दृष्टी 'वुल्फवॉकर्स'मध्येही आहे, 2020 चा आयर्लंडचा अॅनिमेशनपट, 1650 च्या किलकेनीतला. झोपेत लांडगीण होणाऱ्या रानातल्या मेव्हचा दात चुकून शहरातल्या रॉबिन या मुलीला लागतो, आणि मग रात्री दोघी रानात धावतात. खाली शहराच्या भिंती काटकोनात काढल्या आहेत आणि रान सगळं गोल रेषांचं. माझ्या भाचीला तो इतका आवडतो की तिने मला विचारलं, तुला कुणी चावलं होतं का मावशी? मी नाही म्हटलं. मग विचार करत बसले.

कारण 'जिंजर स्नॅप्स'मध्ये एक प्रसंग आहे. जिंजर जवळजवळ पूर्ण हाताबाहेर गेली आहे. माणसं मेली आहेत. तिला ते आवडतंय, आणि खरं भय तिथंच आहे. केस आणि शेपूट बघून आपण दचकतो, पण घाबरतो ते तिला वाईट वाटत नाही म्हणून. ब्रिजिट तिच्यासमोर येते, स्वतःच्या तळहातावर सुरी फिरवते, बहिणीच्या हातावर फिरवते आणि दोन्ही जखमा एकमेकींवर दाबून धरते. आता मीही तूच, असं ते आहे. बहिणीला घरी नेण्याची दुसरी वाटच उरली नाही, म्हणून ती रोग अंगात घेते. लांडग्याच्या किती गोष्टींत माणसं चाव्यापासून पळतात. ही एकटी त्याच्याकडे चालत जाते.

ताईच्या त्या पहिल्या वेळच्या तिसऱ्या रात्री गावात लाइट गेले होते. ताई कण्हत होती, मला माजघरात ऐकू येत होतं. मी उठले, देवघरापाशी पालथं घातलेलं पितळी फुलपात्र घेतलं, माठातलं पाणी भरलं आणि अंधारात चाचपडत त्या खोलीत गेले. पुढचं मला एवढंच आठवतं की मी तिच्या पाठीला पाठ लावून सतरंजीवर झोपले, आणि पहाटे आजीने दोघींना एकदम पाहिलं. आजी ओरडली नाही. दोघींवर थंड पाणी ओतलं, माझा फ्रॉक ताईच्या कपड्यांत टाकला, फुलपात्र चिंच लावून तीनदा घासलं. त्या दिवशी माझंही ताट वेगळं वाढलं. ताईच्या ताटाशेजारी, गोवऱ्यांच्या ढिगापाशी. मला इतका आनंद झाला होता की मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गेल्या दिवाळीत ताई आली होती. मुलं झोपल्यावर मी तिला हा सिनेमा दाखवला. तिला भयपट आवडत नाहीत, डोळ्यांवर ओढणी धरून बघत होती. हात कापण्याच्या प्रसंगाला तिने ओढणी खाली घेतली. पडदा बघतच म्हणाली, "तू पाणी घेऊन आली होतीस."

"हो. आणि शिवले तुला. ऐकलं नाही कुणाचं."

"तू कुठली शिवतेस," ताई म्हणाली. "तू दारातच उभी होतीस, पात्र हातात घेऊन, घाबरून. आत यायला तयार नव्हतीस. मीच उठले आणि तुझं मनगट धरून ओढलं."

पडद्यावर ब्रिजिट तळघरात उतरत होती. ताईने आपली अर्धी शाल माझ्या पायांवर टाकली आणि आवाज जरा वाढव म्हणाली.